गावी, गावी दि गावी आणि बुचोंचा शिक्का

पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं होतं की फसफसणाऱ्या वाइन नंतर बघायच्या. पहिल्या टप्प्यात फक्त साध्या, बुडबुडे नसलेल्या, लाल आणि पांढऱ्या. मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. एवढं स्वच्छ वाक्य क्लायंटकडून मला फार वेळा मिळालेलं नव्हतं.

क्लायंट म्हणजे जपानमधल्या कावासाकी शहरातली वाइन आयात करणारी एक मध्यम आकाराची कंपनी. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमोंते नावाचा प्रांत आहे. हे लोक फक्त तिथल्या वाइन आणायचे आणि जपानभरच्या हॉटेलांना पुरवायचे. त्यांच्या गोदामाची जुनी सिस्टिम काढून नवी बसवायचं काम आमच्या पुण्याच्या कंपनीला मिळालं होतं. मी पुण्यात असताना जपानीच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे इथलं म्हणणं तिथे आणि तिथलं इथे समजावून सांगायची जबाबदारी माझी. नवरा एका बँकेच्या प्रोजेक्टवर, मुलगी चार वर्षांची, घर हिगाशी-कसाईला. सकाळी तिला पाळणाघरात सोडायचं, दोन गाड्या बदलून कावासाकी गाठायचं आणि दिवसभर वाइनबद्दल बोलायचं. मी स्वतः वाइन पीत नव्हते. व्रत वगैरे काही नाही, मला वासच आवडायचा नाही. तरी ऑफिसच्या पार्ट्यांत बहुतेकदा मी एकटीच बाई असल्यामुळे बाटली हमखास माझ्या हातात यायची. सगळ्यांचे ग्लास भरायचे आणि आपण थंडगार चहा पीत बसायचं.

त्या कंपनीत खरेदी खात्याचे जे प्रमुख होते त्यांना सगळे 'बुचो' म्हणत, म्हणजे खातेप्रमुख. साठीला टेकलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात नेहमी घडी घातलेला पांढरा रुमाल. वीस-बावीस वर्षं दर वसंतात ते पिएमोंतेला जात आले होते. गोदामातली प्रत्येक वाइन त्यांनी स्वतः तिथल्या शेतकऱ्याच्या घरी बसून निवडलेली. सिस्टिमला जे जे माहीत असायला हवं होतं ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते तिथून बाहेर काढणं हे माझं काम होतं.

माझ्या स्वच्छ वाक्याची पंधरा दिवसांत वाट लागली. पिएमोंतेत मोन्फेर्रातो म्हणून टेकड्यांचा भाग आहे. तिथली बार्बेरा नावाची एक लाल वाइन जिभेवर किंचित चुरचुरते.

"म्हणजे फसफसणारी ना?" मी विचारलं.

"नाही, नाही."

"मग साधी?"

बुचोंनी दातांच्या फटीतून हवा आत ओढली. हा आवाज म्हणजे 'अवघड आहे', हे मी तोवर चांगलं ओळखू लागले होते. "तसंही म्हणता येणार नाही."

"बुचो, सिस्टिममध्ये दोनच रकाने आहेत."

"हो ना," ते सहानुभूतीनं म्हणाले.

त्या एका वाइनवर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी तिला साध्या लाल वाइनमध्ये टाकून पुढे एक शेरा लिहायचा असं ठरलं, आणि तो शेरा काय असावा यावर चौथी मीटिंग झाली.

पण खरा छळ नावांचा होता. बारोलो हे गाव. तिथल्या वाइनचं नावही बारोलो, आणि द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. तेच द्राक्ष थोडं पलीकडच्या टेकड्यांवर लावलं की वाइन होते बार्बारेस्को. बार्बेरा मात्र गाव नाही, ते द्राक्ष आहे, आणि त्याचा बार्बारेस्कोशी काडीचा संबंध नाही. दोल्चेत्तो म्हणजे 'गोडुली', आणि ती गोड नसते. रोएरो लाल असते आणि पांढरीही असते.

"नुसतं रोएरो लिहिलेलं असेल तर काय समजायचं?" मी विचारलं.

"पांढरी असेल तर ती आर्नेइस नावाच्या द्राक्षाची असते."

"तसं लिहिलेलं असतं?"

"लेबलावर असतं. आपल्या यादीत टाइप करणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी गाळलंय."

आणि हे सगळं जपानी अक्षरांत. जपानीत 'वी' हा उच्चार मुळात नाही. त्यामुळे गावी नावाची जी तिथली प्रसिद्ध पांढरी वाइन आहे, ती आमच्या जुन्या यादीत तीन तऱ्हांनी लिहिलेली होती. कुठे 'गावी', कुठे 'गाबी', कुठे 'गा' लांबवून 'गाऽवी'. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन वेगळ्या वाइन होत्या. बारोलोही कुठे एकदा, कुठे घाईत दोनदा टाइप झालेली, 'बारोलो बारोलो'. मी घरी याबद्दल इतकी बोलायचे की मुलगी आंघोळ करताना बार्बेरा-बार्बेरा म्हणायला लागली, तेही अस्सल जपानी उच्चारात. रविवारी आईचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी नवऱ्याशी तेच बोलत होते.

"गावी काय घोळ झाला?" आईनं घाबरून विचारलं. "कोणाच्या गावी? कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही गं आई. वाइनचं नाव आहे ते."

आईनं 'वाइन' हा शब्द एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. मग म्हणाली, "तू तिकडे नक्की काय काम करतेस?"

या वैतागात एका दुपारी मी बसले आणि यादी साफ करणारा छोटासा प्रोग्राम स्वतःच लिहिला. एका नावाची वेगवेगळी स्पेलिंगं असतील तर एकच ठेवायचं. 'दि', 'देल' असले मधले बारके शब्द काढून टाकायचे. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला तर एकदाच धरायचा. दोनेक हजार ओळींची यादी तेराशेवर आली. मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांसाठी कॉफी आणली.

अर्थात मी नियम सोडून काही केलं नव्हतं. कुठली नावं एकत्र केली त्याची यादी छापली, बावन्न पानं भरली, आणि तपासायला बुचोंकडे दिली. पाच दिवसांनी ती परत आली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा लाल शिक्का. जपानात सहीच्या जागी हा शिक्का मारतात, आणि तो मारला म्हणजे विषय संपला. बावन्न पानांवर बावन्न शिक्के, सगळे एका रेषेत. कुठेही खाडाखोड नाही. मला जरा आश्चर्य वाटलं, पण चुका निघाल्या नाहीत म्हणून कोण तक्रार करतं?

नवी सिस्टिम सुरू झाली आणि महिनाभर ठीक चालली. मग एका गुरुवारी सकाळी कोबेच्या एका रेस्टॉरंटमधून फोन आला. फोन बुचोंनी घेतला आणि दोन वाक्यांनंतर उभे राहिले. पलीकडच्या माणसाला दिसत नसतानाही कमरेत वाकून माफी मागू लागले. शनिवारी दुपारी त्या रेस्टॉरंटमध्ये लग्नाची मेजवानी होती. मेनू छापून तयार होते, त्यावर पांढऱ्या वाइनच्या जागी 'गावी दि गावी' असं लिहिलेलं होतं. आम्ही पाठवलेल्या अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बाटल्या नुसत्या गावीच्या होत्या.

"पण दोन्ही एकच ना?" मी विचारलं.

एकच नव्हत्या. गावी हे गावाचं नाव. त्या गावात आणि आजूबाजूच्या काही गावांत होणारी ती सगळी गावी. पण द्राक्षं खुद्द गावी गावातल्या मळ्यातली असतील, तर लेबलावर लिहितात 'गावी दि गावी'. गावातली गावी. माझ्या प्रोग्रामनं मधला 'दि' काढला होता, दोनदा आलेला शब्द एकदा केला होता, आणि दोन वेगळ्या वाइनची एक करून टाकली होती.

मी धावत जाऊन ते छापील पान काढलं. एकतिसावं पान, वरून सातवी ओळ. शेजारी लाल शिक्का. ते पान मी बुचोंच्या टेबलावर ठेवलं. माफी मागायला नाही, खरं सांगायचं तर पुरावा म्हणून.

त्यांनी पानाकडे पाहिलं. "हो. माझा शिक्का आहे," ते म्हणाले. "चला, गोदामात जाऊ."

गोदाम मागेच होतं, थंडगार. गावी आणि गावी दि गावी एकाच उत्पादकाकडून येत, एकाच रंगाच्या खोक्यांत. जुन्या सिस्टिममध्ये त्यांच्या जागा वेगळ्या होत्या, नव्यात मी त्या एक केल्या होत्या. त्यामुळे खोकं उघडून बाटली बाहेर काढल्याशिवाय काही कळायला मार्ग नव्हता. गोदामातल्या दोन बायका, बुचो आणि मी, जेवणाची सुट्टी न घेता चौघंही खोकी उघडत होतो. बुचोंना वेळ लागत होता. ते प्रत्येक बाटली नाकापाशी नेत, तिरकी करून उजेडात धरत, आणि मी मनात म्हणत होते, आता इथे तरी रसिकपणा सोडा, नुसतं लेबल वाचा!

चार वाजता हिशेब लागला. गावी दि गावीच्या छत्तीस बाटल्या मिळाल्या. बाकीच्या बाटल्या महिनाभरात नुसत्या गावीच्या नावाखाली कुठे कुठे जाऊन पोचल्या होत्या. ज्यांना चुकून भारी वाइन मिळाली त्यांच्यापैकी एकानंही फोन केला नव्हता.

छत्तीस बाटल्या त्याच संध्याकाळी कुरियरनं रवाना झाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला तोच बुचो म्हणाले, "उद्या सकाळी सातला शिन-योकोहामा स्टेशनवर भेटू. कोबेला जाऊन येऊ."

"बाटल्या तर पोचतील ना उद्या?"

"पोचतील."

"मग आपण कशाला?"

"माफी मागायला."

"फोनवर मागितलीत की तुम्ही! आणि मी कशाला? मी तर बाहेरच्या कंपनीची."

बुचोंनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आत गेले. मी नवऱ्याला फोन केला की उद्या मुलीला तू सोड, तूच आण, मी पाचशे किलोमीटरवर वाकायला चालले आहे.

शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बुचो खिडकीशी बसून राहिले. मी माझ्या मुद्द्यांची तयारी करत होते. यादी दिली होती, पाच दिवस दिले होते, शिक्का होता. वेळ आली तर हे सगळं नम्र जपानीत कसं सांगायचं ते मी वहीत लिहून काढलं.

रेस्टॉरंट चढावरच्या रस्त्याला होतं. खाली बंदराच्या क्रेन दिसत होत्या. मालकीणबाई सत्तरीच्या, केस आखूड कापलेले, अंगाला पांढरा एप्रन. बुचो दारातच वाकले आणि वाकलेलेच राहिले. मीही वाकले. त्यांनी आमची चूक झाली एवढंच सांगितलं. प्रोग्रामचं, यादीचं, माझं नावही काढलं नाही. माझे सगळे मुद्दे वहीतच राहिले आणि त्याचा मला आणखीनच राग आला. कोणी आरोपच करत नसेल तर बचाव कसला करणार?

बाईंनी आम्हाला बसवलं. माझ्याकडे बघून विचारलं, "कॉम्प्युटरचं काम तुम्ही केलंत?"

"हो."

"वाइन पिता?"

"नाही."

"मग दोन्ही एकच आहेत हे तुम्ही कसं ठरवलंत?"

आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या आत गेल्या आणि दोन ग्लास घेऊन आल्या, दोन्हींत तळाशी फिकट पिवळं काहीतरी. "ही गावी. ही गावी दि गावी, आमच्याकडे जुनी उरलेली. घ्या."

मी बुचोंकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. कंटाळा, अपराधीपणा आणि सकाळपासूनची भूक, सगळं एकदम दाटून आलं. मी पहिल्या ग्लासातला एक घोट घेतला. मग दुसऱ्यातला. मग पुन्हा पहिल्यातला, कारण बाई वाट बघत होत्या.

"मला दोन्ही सारख्याच लागतात," मी म्हणाले. "आंबट."

बुचोंनी डोळे मिटले. बाई मात्र मान हलवून म्हणाल्या, "तुमच्यापुरतं खरं आहे ते. पण ज्यांनी मागवली त्यांना फरक पडतो." मग त्यांनी सांगितलं की नवरीचे वडील मालवाहू जहाजावर आचारी होते. त्यांचं जहाज इटलीत जेनोवाच्या बंदराला लागायचं. तिथून डोंगरापलीकडे थोड्याच अंतरावर हे गावी गाव आहे. एकदा जहाज दुरुस्तीसाठी अडकलं तेव्हा ओळखीच्या एका हमालानं त्यांना आपल्या बहिणीकडे त्या गावात नेलं, आणि ते आठ दिवस तिथेच राहिले. लेकीच्या लग्नात त्याच गावातली वाइन हवी, असं ते तिच्या लहानपणापासून म्हणत आले होते.

आता मला खरोखर वाईट वाटलं. आपण अठ्ठेचाळीस बाटल्यांची गडबड केली असं मी धरून चालले होते. त्या बाटल्या एका माणसासाठी काय होत्या, याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

तेवढ्यात ते गृहस्थ स्वतःच आले. टेबलांची मांडणी बघायला आले होते. बुटके, रुंद खांद्यांचे. बाईंनी त्यांना बारा बाटल्या कमी आहेत हे सांगितलं आणि आम्ही दोघं पुन्हा वाकलो, या वेळी मी बुचोंपेक्षा जास्त वेळ. सकाळी येऊन पोचलेल्या खोक्यातून त्यांनी एक बाटली उचलली आणि लेबलावरून अंगठा फिरवत सावकाश वाचलं.

"छत्तीस आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो. अतिशय दिलगीर आहोत."

"पहिल्या प्याल्याला पुरतील. त्यानंतर कोण लेबल बघतंय! दुसरी द्या." आणि ते फुलांबद्दल विचारायला आत निघून गेले.

मी तिथेच उभी राहिले. गोदामातली खोकी, शिंकान्सेन, दोनदा वाकणं, आयुष्यातली पहिली वाइन, आणि शेवटी हे! हसावं की किंचाळावं मला कळेना. बुचोंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नव्हतं. स्टेशनवर येताना ते पायऱ्यांवर एकदा अडखळले, मी हात दिला तर त्यांनी तो धरला. तोवर मी त्यांना कोणाचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. "बुचो, एक विचारू? ती यादी तुम्ही वाचली होती का?"

त्यांनी डब्यातला भात अर्धा संपवून झाकण लावलं. "नाही," ते म्हणाले.

"एकही पान?"

"पहिली दोन. भिंग घेऊन." मग खिडकीकडे बघत, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बारीक अक्षरं दिसत नाहीत. वर्ष झालं."

गोदामात बाटल्या नाकाला लावून उजेडात धरणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

"सांगायचं नाहीत का!" माझा आवाज चढला. समोरच्या प्रवाशानं वर पाहिलं. "मी मोठ्या अक्षरांत छापून दिली असती! वाचून दाखवली असती! बावन्न पानांवर शिक्के मारत बसलात त्यापेक्षा एक वाक्य बोलायचं होतं!"

"पुढच्या वर्षी मार्चमध्ये निवृत्त होतोय," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर येत्या वसंतात मला पिएमोंतेला पाठवलं नसतं."

मी चिडलेली होते आणि तशीच चिडलेली राहिले, पण नागोया स्टेशनपासून पुढे मी त्यांच्याशी भांडले नाही.

सोमवारी मी माझा प्रोग्राम रद्द केला आणि जुनी यादी परत आणली. ऑफिसात कारण सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. नावं पुन्हा तपासायची आहेत, आणि माझे जपानी उच्चार बुचोंकडून सुधारून घ्यायचे आहेत, म्हणून मी मोठ्यानं वाचणार. रोज दुपारी दोन ते चार आम्ही छोट्या मीटिंग रूममध्ये बसू लागलो. मी नाव वाचायचे, बुचो डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "ही आणि मघाची एकच," किंवा "वेगळी, ही नदीच्या पलीकडची." कधी कधी एका ओळीवर अर्धा तास जायचा. अमुक शेतकरी भांडकुदळ होता, तमुकच्या कुत्र्यानं त्यांची बॅग फाडली, एका म्हातारीनं दोल्चेत्तोबरोबर इतका भात वाढला की उठता येईना. मी घड्याळाकडे बघायचे, "बुचो, पुढची ओळ" म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "हो, हो, पण ती म्हातारी..."

दोन हजार ओळींना सात आठवडे लागले. माझ्या पुण्याच्या मॅनेजरनं उशिराबद्दल दोन कडक मेल पाठवले, त्यांना मी तितकीच कडक उत्तरं दिली. त्या वसंतात बुचो पिएमोंतेला गेले. त्यांच्याबरोबर कंपनीतली एक तरुण मुलगी गेली, वह्या सांभाळायला म्हणून, आणि लेबलं तिनं वाचली. मी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, का ते विचारू नकोस.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये त्यांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. मे महिन्यात एक दिवस ते ऑफिसात आले, चष्माही नव्हता. माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी नवी सिस्टिम उघडायला लावली आणि पहिल्यांदाच ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पडद्यावर बोट फिरवत ओळीमागून ओळ वाचत गेले. मग दातांच्या फटीतून हवा ओढली.

"अक्षरं फार कुरूप आहेत," ते म्हणाले. "आणि इथे नेब्बिओलोतला एक 'ब' राहिलाय. इथे, या ओळीत. इथेही. पेन आहे का?"

मी त्यांना पेन दिलं.